विपुल प्रमाणात

मास्तरांना शब्दाचा कीस पाडायची खोडच होती. शाळेतून निवृत्त होऊन किती वर्षं लोटली, पण खोड काही गेली नाही. लेकीनं साधं म्हणावं, "बाबा, बाहेर खूप पाऊस आहे, छत्री घ्या," की हे दारातच उभे. खूप म्हणजे जोराचा की सततचा? जोराच्याला इंग्रजीत एक शब्द आहे, सततच्याला दुसरा. लेक कपाळाला हात लावायची. एकदा तर म्हणाली, "बाबा, तुमचं सांगून होईपर्यंत पाऊसच थांबला."

जावई मात्र ऐकून घ्यायचा. बायको गेल्यावर मास्तर लेकीकडे राहायला आले ते जीव मुठीत धरूनच. जावयाच्या घरात राहायचं म्हणजे अंग चोरून राहायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे त्यांनी वाटेतच ठरवून टाकलं होतं. पण या माणसानं त्यांना कधी पाहुण्यासारखं वागवलं नाही, आणि अडगळीसारखं तर नाहीच नाही. संध्याकाळी कामावरून आला की अंगाला रंगाचा वास, नखांत निळं, आणि बूट काढता काढता पहिला प्रश्न ठरलेला: "काय बाबा, आज कुठल्या शब्दाचा बळी घेतलात?" एवढ्या एका प्रश्नावर मास्तरांचा दिवस निघायचा.

जावई कापड रंगवायच्या कारखान्यात होता, कॉस्टिकच्या टाकीवर. कॉस्टिक दिसायला पाण्यासारखंच, पण अंगावर पडलं तर कातडी सोलून काढतं. टाकीशेजारच्या भिंतीवर सूचनांचा एक फलक होता, सगळा इंग्रजीत. तो वाचणारं तिथं कोणीच नव्हतं. शेवटी जावयानंच सुरक्षा अधिकाऱ्याकडे शब्द टाकला, की आमचे सासरे इंग्रजीचे मास्तर आहेत, ते मराठी करून देतील. फुकट होतंय म्हटल्यावर अधिकारी कशाला नाही म्हणतोय!

कागद घरी आला आणि मास्तरांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. चष्मा पुसला, टेबल पुसलं, लेकीला रेडिओ बंद करायला लावला. फलक तसा छोटाच. हातमोजे घाला, झाकण उघडं ठेवू नका, असलंच सगळं. ते भराभर झालं आणि गाडी अडली ती एका शब्दापाशी. द्रव डोळ्यात उडाला तर ताबडतोब 'कोपियस' पाण्यानं धुवा, असं ते वाक्य होतं.

आता कोपियस म्हणजे पुष्कळ, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण मास्तरांचं तेवढ्यानं भागतंय थोडंच! जेवताना त्यांनी जावयाला धरलं.

"हा शब्द साधासुधा नाही, जावईबापू. हा टाय लावून येतो. डॉक्टर वापरतात, वकील वापरतात. रक्त कोपियस वाहतं, अश्रू कोपियस वाहतात, वर्गातली हुशार मुलगी कोपियस टिपणं काढते. पण 'मला कोपियस मित्र आहेत' असं कोणी लिहिलं तर मी सरळ गुण कापायचो. टिपणं सोडा, एरवी मोजता येतं त्याला हा लागत नाही. वाहतं, सांडतं, मोजायच्या पलीकडे जातं, त्याला लागतो."

"आणि पगाराला?"

"पगाराला मुळीच नाही."

"ते मात्र मला न शिकवता कळलं," जावई म्हणाला, आणि लेकीला इतकं हसू आलं की तिला ठसका लागला.

खरं सांगायचं तर मास्तरांनी पहिल्या झटक्यात लिहिलं होतं, 'डोळ्यात गेल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवा.' लिहिलं आणि खोडलं. भरपूर हा शब्द ताटात वाढायचा, भिंतीवर लावायचा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. कोपियसच्या तोलामोलाचा शब्द हवा. मग दोन दिवस घरात येरझाऱ्या, शब्दकोशांचा पसारा, आणि अखेर टाकसाळीतून नाणं पडावं तसं वाक्य पडलं: 'द्रव नेत्रांस लागल्यास तत्काळ विपुल जलाने प्रक्षालन करावे.'

लेकीनं वाचलं आणि तोंड वाकडं केलं. "बाबा, हे कळणार कुणाला?"

"सूचनेला वजन लागतं, बाई. वजन असलं की माणूस ऐकतो."

फलक लागला. जावयानं फोनवर फोटो काढून आणला आणि मास्तर तो दिवसातून दहा वेळा उघडून बघायला लागले. "हिट झालात तुम्ही," जावई म्हणायचा. "पोरं विचारतात, हा विपुल कुठल्या पाळीला असतो? पाणी घेऊन तोच येणार ना?" सगळे हसले. मास्तरही हसले, पण जरा लागलंच त्यांना ते. असल्या अडाण्यांना काय कळणार, असंही एकदा मनात येऊन गेलं. नंतर त्यांना हे आठवलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली नाही एवढंच.

कारण पुढे जे व्हायचं ते झालं. भर दुपारी लेकीला कारखान्यातून फोन आला. टाकीत माल सोडताना कॉस्टिक उसळलं होतं आणि जावयाच्या संरक्षक चष्म्याच्या बाजूनं डोळ्यांत शिरलं होतं. बापलेक इस्पितळात पोचले तेव्हा जावयाचं तोंड पट्ट्यांनी बांधलेलं. ओठ आणि हनुवटीही भाजलेली, म्हणून बोलायची सक्त मनाई. ते पांढरं गाठोडं म्हणजे आपला नवरा, हे लेकीला आधी पटेचना. ती खाटेच्या कडेला बसली आणि त्याचा हात धरून नुसती "अहो, अहो" करत राहिली.

डॉक्टर तरुण होता, घाईत होता. "डावा डोळा गेला," तो म्हणाला. "उजवा वाचेल बहुतेक. जागेवरच धुवायला हवा होता हो. कोपियस इरिगेशन लागतं याला, अर्धा अर्धा तास पाण्याची धार सोडावी लागते. यांच्या डोळ्यात जेमतेम मगभर पाणी गेलेलं दिसतंय."

आयुष्यभर तो शब्द मास्तरांनी दुसऱ्यांना शिकवला होता. आज तो असा समोर येऊन उभा राहिला. मगभर! म्हणजे कोणाला कळलंच नव्हतं. भिंतीवर 'विपुल' लिहिलेलं, आणि त्याखाली उभं राहून बिचाऱ्यांनी मगभर पाणी ओतलं. 'भरपूर' लिहिलं असतं तर? लिहिलंच होतं की! लिहून खोडलं होतं, याच हातानं.

तेवढ्यात जावयानं उजवा हात वर केला. मूठ वळली, मनगट दोनदा गोल फिरवलं, आणि मग पंजा उघडून नकारार्थी हलवला. परत तेच. मास्तरांना वाटलं, पाणी मागतोय आणि नको म्हणतोय, ग्लानीत आहे. नर्सनं दिलेला कापसाचा बोळा भिजवून त्यांनी तो पट्टीच्या फटीतून ओठांना लावायला नेला. जावयानं त्यांचा हात झटकून टाकला. रागावलाय, मास्तरांनी समजून घेतलं. माझ्यावर नाही रागावणार तर कोणावर रागावेल?

बाहेर व्हरांड्यात लेक म्हणाली, "चौकशी बसणार आहे. यांचा टाकीवरचा जोडीदार सांगत होता. चूक कारखान्याची ठरली तर यांना स्टोअरमध्ये बसून करायचं काम देतील. यांची ठरली तर हातात नारळ. मग एका डोळ्याच्या माणसाला कोण उभं करणार दारात, बाबा?" मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच क्षणी त्यांच्या डोक्यात ते शिरलं. चूक जावयाची नाहीच मुळी. चूक आपली आहे. आपण जाऊन तसं सांगितलं की जावई सुटला. सोपं तर आहे! इतक्या सगळ्या अंधारात त्यांना तेवढंच एक उजेडाचं भोक दिसलं आणि ते त्यात घुसले. लेकीला विचारावं, जोडीदाराला गाठावं, घडलं काय ते आधी ऐकावं, हे काही सुचलंच नाही. सगळं शब्दांनीच होतं आणि शब्दांनीच निस्तरतं, असं ज्याला जन्मभर वाटत आलं, त्याला कसं सुचावं?

दुसऱ्या दिवशी कामाला जातोय असे कपडे करून ते कारखान्यात गेले. सुरक्षा अधिकारी मोठा गोड माणूस. खुर्ची पुढे सरकवली, चहा मागवला, "फार वाईट झालं हो काका," म्हणाला. मास्तरांना तेवढंच पुरलं. त्यांनी सगळं घडाघडा सांगितलं. कोपियस, भरपूर, खोडलेलं वाक्य, विपुल, कामगारांची थट्टा. अधिकारी आधी नुसता ऐकत होता. मग त्यानं पेन बाजूला ठेवलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"म्हणजे काका, पाणी होतं, पण तुमचा शब्द कळला नाही म्हणून पोरांनी कमी वापरलं. असंच ना?"

"अगदी असंच."

"मग तेवढं लिहूनच द्या ना. तुमच्या मनावरचं ओझंही जाईल, आणि जावयाकडेही कोणी बोट दाखवणार नाही."

मास्तरांनी लिहिलं. अक्षर कसं, मोत्यासारखं! आणि लिहायला बसल्यावर हात थोडाच साधं लिहितोय? 'घटनास्थळी जल विपुल प्रमाणात उपलब्ध असूनही, केवळ मी योजलेल्या दुर्बोध शब्दामुळे कामगारांस त्याचा यथोचित उपयोग करता आला नाही. सर्वस्वी दोष माझा आहे.' परत एकदा वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि सही ठोकली. निघताना म्हणाले, जरा तो फलक बघून येतो. "आत साफसफाई चाललीय काका, घसराल," अधिकारी म्हणाला आणि त्यांना थेट फाटकापर्यंत सोडायला आला. केवढं अगत्य! घरी येताना मास्तरांना कालपासून पहिल्यांदाच मोकळा श्वास आल्यासारखं वाटलं. लेकीला बोलले नाहीत. निकाल लागला की सांगू, तिलाच आनंद होईल, असा बेत.

जावई घरी आला तो डावा डोळा झाकलेला, उजव्यावर काळा चष्मा. ओठांवरची पट्टी निघाली होती. लेकीनं त्याला खिडकीपासून लांब, सावलीत बसवलं. मास्तर समोर स्टुलावर बसले. त्याला बोलायला त्रास होत होता, तरी पहिली गोष्ट त्यानं तीच सांगितली.

"बाबा, मी तुम्हाला हातानं सांगत होतो, तुम्ही माझ्या तोंडाला कापूस लावत बसलात." तो हसायला गेला आणि ओठ ताणला म्हणून थांबला. "नळ. नळ फिरवून दाखवत होतो. कोरडा होता नळ."

मास्तर म्हणाले, "काय?"

"फलकाखालचा नळ हो. पाइप फुटला म्हणून मागूनच बंद केलेला, कधीचा. जोडीदार आणि मी दोघांनी जाऊन दोनदा सांगितलं सुरक्षेच्या साहेबाला. हो हो म्हणाला. त्या दिवशी मी आंधळ्यासारखा चाचपडत नळापाशी गेलो, उघडला, तर नुसती हवा. फुस्स. कोपऱ्यातल्या बादलीच्या तळाशी थोडं होतं, ते जोडीदारानं मगानं माझ्या तोंडावर मारलं. मग धावत सुटला दुसऱ्या खात्यात पाणी आणायला. तोवर संपलंच होतं सगळं."

"पण तो शब्द... विपुल..."

"अहो, विपुल कळत होतं की सगळ्यांना! मीच सांगितलं होतं फलक लागला त्या दिवशी, धार सोडायची म्हणून. ती तर थट्टा होती, बाबा. तुमचा शब्द बरोबर होता. पाणीच नव्हतं."

मास्तरांचा हा जन्मातला सगळ्यात मोठा बहुमान, आणि तो ऐकताना त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जावई आपल्याच नादात बोलत होता. जोडीदार साक्ष द्यायला तयार आहे. नळ अजून तसाच असेल, चौकशीवाल्यांनी नुसता उघडून बघायचा. कारखान्याला नाही म्हणायला तोंडच नाही. स्टोअरचं काम काय वाईट, बसून करायचं, एका डोळ्यानंही होतं. मास्तर उठले आणि भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघरात गेले.

लेक भांडी घासत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, कागदात काय लिहिलं तेही, शब्दाला शब्द. तिनं हात थांबवला नाही. बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली.

"तुम्हाला बोलावलं होतं का कोणी तिथं?" ती शेवटी म्हणाली.

"मला वाटलं, दोष माझ्यावर घेतला की यांच्यावर..."

"तुम्हाला वाटलं! पाणी होतं का, हे एकदा तरी विचारावंसं वाटलं का? एकदा? माझ्या नवऱ्याचा डोळा गेला, बाबा, आणि त्यातही तुम्हाला तुमचाच शब्द दिसला." तिनं पातेलं आदळलं. मग एकदम आवाज खाली आणला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "जा. आत्ताच्या आत्ता जा आणि तो कागद परत घ्या. आणि यांना काय ते तुम्हीच सांगा. मी नाही सांगायची."

मास्तर गेले. अधिकाऱ्यानं या वेळी खुर्ची पुढे केली नाही, पण बोलणं तितकंच गोड.

"काका, चौकशी आटोपली. अहवाल वर गेला. भाषेची अडचण, कारखान्याची चूक नाही, असा निष्कर्ष आहे; स्टोअरच्या कामाचा प्रश्नच उरत नाही. तुमचंच पत्र जोडलंय."

"पण नळ कोरडा होता!"

"तुम्हीच लिहिलंय ना, विपुल प्रमाणात? कोणी जबरदस्ती केली होती? चहा पिऊन लिहिलंत तुम्ही."

"मला तेव्हा माहीत नव्हतं. नळ दाखवा मला."

"चला की," अधिकारी म्हणाला आणि स्वतः पुढे झाला.

टाकीचा तो भाग मास्तरांनी आजवर फोटोतच बघितला होता. भिंतीवरचा त्यांचा फलक काढलेला. त्या जागी नवा, ठसठशीत काळ्या अक्षरांत: 'डोळ्यात गेल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवा.' त्यांचंच ते पहिलं वाक्य, अक्षरन् अक्षर. "आमच्या क्लार्कनं दोन मिनिटांत केलं," अधिकारी म्हणाला. खाली नळ होता. चकचकीत, नवाकोरा, आणि भिंतीवर ताज्या सिमेंटचा पट्टा.

"उघडा ना काका. खात्री करून घ्या."

मास्तरांनी नळ फिरवला. पाणी असं उसळून आलं की त्यांचे बूट, पँट, शर्टाची बाही, सगळं भिजलं. मोरी तुंबून पाणी फरशीवर पसरत गेलं, तरी त्यांचा हात चावीवर तसाच. पलीकडे टाकीपाशी जावयाचा जोडीदार उभा होता. अधिकारी फोन आला म्हणून बाजूला झाला तसा तो जवळ आला आणि त्यानंच नळ बंद केला.

"परवा बसवला हा," तो हळूच म्हणाला.

"मग सांग ना बाबा तू! तू साक्ष देणार होतास ना?"

"कुणाला सांगू, मास्तर? मी तोंड उघडलं तर तुमचा कागद पुढे केला माझ्या. म्हणाले, त्याचा सासराच सांगतोय पाणी होतं, तू कोण?" त्यानं मास्तरांच्या ओल्या कपड्यांकडे बघितलं आणि तो परत कामाला लागला.

मास्तर चालतच घरी आले. जावई तिथंच सावलीत बसला होता. पावलांचा आवाज ओळखून त्यानं मान वळवली. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"कारखान्यात गेला होतात म्हणे? नळ बघितलात?"

"बघितला."

"कोरडा आहे ना अजून?"

"नाही," मास्तर म्हणाले. "नवा बसवलाय. पाणी येतंय."

जावयानं चष्मा नीट केला. मग विचारलं, "किती?"

"भरपूर," मास्तर म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. रडत रडतच त्यांनी कागदाचं सांगितलं. काय लिहिलं ते सांगितलं, का लिहिलं ते सांगितलं, आपल्या हातानं पोरीचा संसार बुडवला असं म्हणून कपाळ बडवून घेतलं. लेक जागची हलली नाही. सगळं सांगून झालं तरी जावई तसाच बसून होता, चष्म्याआडून कुठे बघतोय ते कळत नव्हतं. मास्तरांना वाटलं, आता ओरडेल, शिव्या घालेल, घराबाहेर हो म्हणेल. ते त्याचीच वाट बघत होते.

जावयानं हात पुढे केला. तो मास्तरांच्या ओल्या बाहीला लागला, तसा त्यानं मागे घेतला.

"भिजलात तुम्ही," तो म्हणाला. "कपडे बदलून घ्या. आणि चहा घ्याल ना? ती करून देईल. संकोच करू नका."

या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तो त्यांच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलला. मास्तरांनी बूट काढून दाराबाहेर ठेवले आणि कपडे बदलायला आत गेले.